ऑल्डरकोमची चौथी खिडकी

१

नकाशा नाहीसा झाला तेव्हा घराची सगळी दारं बंद होती. चोर पळून गेलेला नाही, ही एका अर्थानं चांगली गोष्ट. पण मग तो आपल्यातच बसून चहा पितोय, हेही ओघानं आलंच.

दुपारी बारापासून बाहेर धुळीचं वादळ उठलं होतं. फाटक बंद, रस्ता बंद. खिडक्यांच्या काचांबाहेर नुसता तांबूस अंधार. संध्याकाळच्या समारंभाचे पाहुणे येणार नाहीत, असे फोन येऊन गेले होते. तरी साडेचार वाजता अरवानं काचेच्या पेटीवरचं हिरवं मखमली कापड हौसेनं उचललं. पेटी रिकामी होती. वरच्या पितळी चौकटीचे चारही स्क्रू गायब होते.

अरवा ही घराच्या मालकाची, शेख अबू फहदची, वास्तुरचना शिकून आलेली मुलगी. तिच्या हाकेनं सगळे ग्रंथालयात जमले. शेख आले, त्यांचा पेशावरचा ड्रायव्हर उस्मान आला, मुंबईचा कलासल्लागार रणजित आला. तळघरात एसीच्या फिल्टरांची धूळ बघत होतो, असं म्हणत उन्मेष आला. तो या बांधकामाचा प्रोजेक्ट मॅनेजर. त्याच्या उजव्या खांद्यावर पांढरा पट्टा उमटला होता. त्याच्या आईनं, म्हणजे सरोजताईंनी, नकाशा गेल्याच्या गडबडीतही हात पुढे करून तो झटकला. मुलगा बेचाळीस वर्षांचा झाला म्हणून आईचा हात थोडाच थांबतो.

शेवटी सिराजुद्दीन आला. राजापूरकडचा सुतार, सव्वीस वर्षं सौदीत, आणि आज त्याचा इथला शेवटचा दिवस. फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत जायचा शिक्का, लागलेलं, रात्री अकराचं विमान.

उस्माननं प्रत्येकाचे खिसे तपासले. सिराजच्या कामाच्या जाकिटातून चार पितळी स्क्रू निघाले.

"मी घेतला नाय नकाशा," सिराज म्हणाला. "हे इथं जमिनीवर पडले हुते. उचलून खिशात टाकले."

"असरच्या, दुपारच्या नमाजाला तू माझ्या शेजारी उभा असतोस," शेख हळू आवाजात म्हणाले. "आज तुझी जागा रिकामी होती. कुठे होतास?"

सिराजनं मान खाली घातली.

"मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजापर्यंत वादळ बसेल," शेख म्हणाले. "तोवर नकाशा मिळाला नाही तर पोलीस येतील आणि तक्रारीत तुझं नाव असेल. खलास."

तक्रार म्हणजे देशाबाहेर जायला बंदी, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मग महिने लागोत की वर्षं. सिराज खाली बसला नाही, रडला नाही. फक्त त्यानं भिंतीला हात लावला, आपणच बसवलेल्या लाकडाला.

२

हे घर म्हणजे नालेसाठी घोडा घेण्यातलाच प्रकार होता. इंग्लंडच्या खेड्यात ऑल्डरकोम हॉल नावाची एक मोठी हवेली होती. एका जमीनदारानं ती १६९१ मध्ये बांधली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर वारसांना पोसवेना म्हणून ती पाडली गेली. तेव्हा तिथे अशी शेकडो घरं पडली आणि त्यांचे जिने, शेकोट्या, भिंतींचं लाकडी अस्तर लिलावात गेलं. ऑल्डरकोमच्या ग्रंथालयाचं ओक लाकडाचं अस्तर दोन वर्षांपूर्वी रणजितनं शेखना मिळवून दिलं, आणि त्या एका खोलीसाठी शेखनी रियाधपासून तासाभरावर, वाळूत, उरलेली हवेली बांधून काढली. नोकरांच्या मागच्या जिन्यासकट! इंग्रज मालकांना नोकर दिसलेले आवडत नसत, म्हणून भिंतीच्या पोटातून वेगळा जिना असे. अरवानं तोही हट्टानं करून घेतला होता, आणि मूळचा असायचा तसाच, नुसता चुना फासलेला ठेवला होता.

सरोजताई इथे आल्या त्या कंटाळून. रत्नागिरीच्या भूमी अभिलेख कार्यालयातून त्या निमतानदार म्हणून निवृत्त झालेल्या. दुसऱ्यांनी केलेली मोजणी बरोबर आहे का, हे पुन्हा मोजून बघण्याची ती नोकरी. अशा बाईनं मुलाकडे व्हिजिट व्हिसावर यायचं आणि अडीच महिने सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसायचं. खिडकी उघडली तर धूळ, बाहेर पडलं तर ऊन, आणि गाडीशिवाय कुठे जाता येत नाही. फ्लॅटची लांबी-रुंदी त्यांनी पावलांनी इतक्यांदा मोजली होती की सून विभा म्हणाली, "आई, आता सातबारा काढा आमचा." मग आज सकाळी उन्मेष त्यांना घर दाखवायला घेऊन आला. पाठोपाठ वादळही आलं.

सकाळी अरवानं त्यांना नकाशा दाखवला होता. लंडनच्या एका जुन्या दुकानातून तिनं तो स्वतः शोधून आणला होता, वडिलांना भेट म्हणून. कालच तो पोचला. ताटाएवढं रुंद जनावराचं चामडं, त्यावर ऑल्डरकोमचा तळमजला, कोपऱ्यात १६९१ हे साल. सरोजताईंनी दोन मिनिटांत जे करायचं ते केलं. खोल्या मोजल्या, दारं मोजली. ग्रंथालयाच्या लांब भिंतीला खिडक्या एक, दोन, तीन.

अडीच वाजता चहाला सगळे ग्रंथालयातच बसले. रणजित एक पाय पुढे करून आपला तपकिरी बूट पुसत होता. खिशात पॉलिशची चपटी डबी, हातात छोटा ब्रश. बाहेर वाळवंट उडत होतं आणि हा गृहस्थ बुटाला चमक आणत होता.

"या धुळीचा मला तिटकारा आहे, काकू," तो हसून म्हणाला.

"मग वाळवंटात कशाला धंदा करता?" सरोजताई म्हणाल्या. "आणि ही चौथी खिडकी अशी का? चौकट आहे, झडपा आहेत, आणि मागे नुसती भिंत."

"तीच तर गंमत!" रणजित खुशीत आला. "१६९६ मध्ये इंग्लंडमध्ये खिडक्यांवर कर बसला. जितक्या खिडक्या तितका कर. मग लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. ऑल्डरकोमच्या मालकानंही या चारांतली एक बुजवली. चौकट मात्र शोभेला ठेवली."

"म्हणजे घरपट्टीवाला यायच्या आत पडवी मोडून ठेवतात तसंच," सरोजताई म्हणाल्या. "बरं, अरवा, तो नकाशा उद्या जरा काढून दे हं. टेप लावून ही खोली नि तो नकाशा ताडून बघते. हाताला चाळाच नाही गं काही."

अरवा हसली. उन्मेष हसला नाही. रणजितनं पॉलिशच्या डबीचं झाकण लावलं. तासाभरानंतर नकाशा गेला होता.

३

"उम्म उन्मेष," शेख म्हणाले. उन्मेषची आई. याच नावानं ते त्यांना सकाळपासून आदरानं हाक मारत होते. "अरवा म्हणते तुम्ही मोजणीतल्या जाणकार आहात. घर शोधून झालं, गाड्या शोधून झाल्या. तुम्हाला बघायचं असेल तर बघा. मगरिबपर्यंत."

वेळ होता जेमतेम तासाभराचा. एक गोष्ट सरोजताईंच्या ध्यानात आली होती. नकाशा काल रात्रीपासून इथे होता, तेव्हा कुणी चोरला नाही. आपण टेप लावायचं म्हटलं आणि तो गेला. आपल्या जिभेला हाड नाही, आणि त्यापायी दुसऱ्याच्या गळ्यात फास.

कोण कुठे होतं ते सोपं होतं. सव्वातीनला असरची नमाज. शेख आणि उस्मान नमाजाच्या खोलीत एकमेकांशेजारी. अरवा आणि सरोजताई बायकांच्या दिवाणखान्यात. उरले तिघे. रणजित म्हणाला की तो पाहुण्यांच्या खोलीत फोनवर होता. उन्मेष म्हणाला तळघरात. आणि सिराज काहीच म्हणत नव्हता.

त्याला उस्माननं भांडारघरात बसवलं होतं. शेजारी त्याची बांधून ठेवलेली बॅग, तिच्यावर दोरी, दोरीवर मराठीत नाव.

"राजापूरला कुठं?" सरोजताईंनी विचारलं.

"जैतापूरच्या खाडीला, बाय. तुम्ही?"

"मी रत्नागिरीची. मोजणी खात्यात होते. तुमच्याकडे किती वेळा साखळ्या ओढल्यात आम्ही."

सिराजच्या चेहऱ्यावर क्षणभर ओळख उमटली. मोजणीवाल्यांना चहा पाजलेला माणूस होता तो.

"स्क्रू का उचललेत?"

"सुताराला खाली पडलेला खिळा दिसला तर तो उचलतोच. हत्यारं न्यायला गेलो नि दिसले. पेटीवर कापड हुतं, आत काय नाय ते मना कसं कळणार?"

"आणि नमाजाच्या वेळी?"

"मागच्या जिन्यात हुतो."

"एकटे?"

सिराजनं आपले हात बघितले. उजव्या बाहीवर खांद्यापासून कोपरापर्यंत चुना लागला होता. 

"बाय, एकाला जबान दिलीय. तो मानूस आपनहून सांगंल, म्हनून थांबलोय."

"आणि नाही सांगितलं तर?"

"सव्वीस वर्षं थांबलो. आनखी थांबंन," सिराज म्हणाला, पण हे बोलताना त्याची नजर घड्याळावर गेली. "माझी बायको शरीफा आज दुपारपास्नं रत्नागिरीत मुलीकडं येऊन बसलीय. उद्या मुंबईला मना आनायला येनार हाय. तिला काय सांगू, तेवडं कळत नाय."

४

सरोजताई ग्रंथालयात एकट्याच गेल्या आणि दार लावून घेतलं. पदर खोचायची सवय, म्हणून ओढणी कमरेला खोचली.

ताटाएवढा चामड्याचा तुकडा. दुमडला तर तडकतो, जाळला तर घरभर घाण वास सुटतो. कपाटं शोधली, गाद्या शोधल्या. मग उरल्या भिंती. आणि ही खोली तर चारी बाजूंनी फळ्यांचीच होती. जाड चौकटींत एकेक रुंद फळी बसवलेली, अशा छत्तीस.

त्यांनी पहिल्या फळीपासून सुरुवात केली. प्रत्येक फळीच्या डाव्या कडेला एक फिकट रेघ होती, उजव्या कडेला एक. रंग न लागलेलं कोरं लाकूड. सगळीकडे अगदी सारखं. सरोजताईंनी पर्समधला टेप काढला. इकडे एक सूत, तिकडे एक सूत. इंचाचा आठवा भाग. पुढची फळी, तेच. मोजणारा माणूस असाच सुखावतो.

एकविसाव्या फळीला त्या थांबल्या. ती त्या खोट्या चौथ्या खिडकीखालची होती. डावीकडे रेघच नव्हती. उजवीकडे ती दोन सूत होती, आणि फिकट नव्हती. कुणीतरी ती तपकिरी केली होती. त्यांनी नाक जवळ नेलं. वास ओळखीचा होता.

त्यांनी फळीला हात लावला नाही. सरळ भांडारघरात गेल्या.

"सिराजभाई, त्या फळ्यांच्या कडेला रेघा कसल्या?"

"आटल्यात त्या," सिराज म्हणाला. कामाची गोष्ट निघाल्यावर त्याचा आवाज मोकळा झाला. "आपल्याकडं पावसात दार फुगतं, तसं हितं उलटं. कोरडी हवा, लाकूड आटत जातं. म्हनून फळी चिकटवायची नाय, चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवायची. फकस्त मधोमध एक खिळा वर नि एक खाली. मंग कितीपन आटली तरी दोन्ही अंगानी सारखी आटते. माझ्या बापानं शिकवलंय."

"एखादी काढून परत लावली तर?"

"खालची पट्टी काढली की फळी सुटते, ते सगळ्यांनी बघितलंय. वायरी टाकताना काढायचोच की. पन परत लावताना खिळा मारला नाय तर एका अंगाला सरकनार."

"आणि कोरी रेघ दिसू नये म्हणून काय लावता?"

"जवसाचं तेल नि रंग. दोन दिस वाळायला लागतात."

सरोजताईंनी दीर्घ श्वास घेतला. ज्यानं फळी काढली त्याला मधला खिळा माहीत नव्हता. म्हणजे तो सिराज नव्हता.

हे सांगितलं तर सुटेल का हा माणूस? शेख म्हणतील, घाईत राहिला असेल खिळा. नाही, एवढ्यानं भागणार नव्हतं. नमाजाच्या वेळी सिराज कुणाबरोबर होता ते कळायला हवं होतं. आणि तिथेच त्यांच्या मनात दोन गोष्टी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. सिराजच्या बाहीवरचा चुना, आणि साडेचार वाजता आपण स्वतःच्या हातानं झटकलेला एक पांढरा पट्टा.

५

मागच्या जिन्यात त्या खात्री करायला गेल्या. जिना अरुंद होता. दोन माणसं उभी राहिली तर एकाचा खांदा भिंतीला लागायलाच हवा. त्यांनी बोट फिरवलं. चुना.

तळघराची भिंत करड्या ऑइलपेंटची होती. सकाळी उन्मेषनंच कौतुकानं दाखवली होती.

त्यांनी त्याला तिथेच बोलावून घेतलं. वर एक पिवळा दिवा, खिडकी नाही, दोन्ही दारं लोटलेली. बाहेर वाऱ्याचा आवाजही इथे पोचत नव्हता.

"नमाजाच्या वेळी इथे होतास. सिराजबरोबर."

उन्मेषनं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि आईकडे बघून मिटलं.

"काय जबान घेतलीस त्याच्याकडून?"

"आई, प्लीज. तुला इथलं कळत नाही."

"तू कळव. मला वेळ आहे. त्याला नाही."

मग त्यानं सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी फळ्या बसवताना सिराज त्याच्याकडे आला होता. फळीची मागची बाजू दाखवली. तिच्यावर गोल करवतीच्या कमानी होत्या, यंत्राच्या. सव्वातीनशे वर्षांपूर्वी लाकूड हातानं तासत. हे अस्तर ऑल्डरकोमचं नव्हतंच, कुठल्यातरी कारखान्यात परवा-तेरवा केलेलं होतं.

"आणि तू?"

"मी म्हटलं, गप्प राहा. प्रोजेक्ट थांबला असता. चाळीस माणसं घरी गेली असती, त्यात मी पहिला. विभाची नोकरी इथे, अरूची दहावी इथे. रणजितच्या कागदांवर माझी सही होती, आई. माल तपासून घेतला म्हणून." त्यानं खांदा भिंतीला टेकवला. "आज सिराज म्हणाला, मी चाललो, आता तुम्ही शेखना खरं सांगा. नकाशा आलाच आहे, उद्या तुमची आई टेप लावणार, मग आपोआप उघड होईल. मी हात जोडले त्याला. म्हटलं, तू जाईपर्यंत तरी बोलू नकोस."

"तो बोलला नाही. तास झाला. तू समोर उभा होतास उन्मेष, त्याचे खिसे उलटे केले तेव्हा!"

"मला वाटलं नकाशा सापडेल."

सरोजताईंना त्याला मारावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं. यातलं काहीच त्यांनी केलं नाही.

"चोर मला कळलाय," त्या म्हणाल्या. "तुझं नाव न घेता सिराज सुटतो का, ते बघते. पण नाही सुटला तर मी थांबणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

६

सहाला दहा कमी असताना सगळे ग्रंथालयात जमले. काचेबाहेर जरा उजाडल्यासारखं झालं होतं. वादळ बसत होतं, आणि आज कुणाला त्याचं बरं वाटत नव्हतं.

"आधी नकाशा," सरोजताई म्हणाल्या. "उस्मान, ती खालची पट्टी काढ."

पट्टी निघाली, फळी सुटली. मागच्या पोकळीत चामड्याची गुंडाळी उभी होती. अरवानं ती दोन्ही हातांनी उचलली आणि तिथेच जमिनीवर बसून उलगडली. शेख डोळे मिटून काहीतरी पुटपुटले.

"आता खिडक्या मोज, बाळ. ग्रंथालयाच्या."

"तीन," अरवा म्हणाली. मग तिनं भिंतीकडे बघितलं. "इथे चार आहेत. पण चौथी तर करामुळे बुजवली."

"कर १६९६ चा. रणजितनंच सांगितलं. नकाशा १६९१ चा. त्याच्या पाच वर्षं आधीचा. कर बसल्यावर बुजवायची तर खिडकी आधी बांधलेली असायला नको का? नकाशात चार दिसायला हव्या होत्या. मूळ घरात चौथी खिडकी कधी नव्हतीच. हे लाकूड त्या खोलीचं नाही."

शेख भिंतीकडे वळले. रणजितचा चेहरा मात्र शांत होता.

"इंटरेस्टिंग," तो म्हणाला. "मलाही फसवलं असेल कुणी. पण फळ्या काढणं मला येत नाही, काकू. ते सुताराचं काम."

"सुतारानं मधोमध खिळा मारला असता. आणि रेघ बुजवायला तेल लावलं असतं. इथे बुटाचं पॉलिश आहे, वास घेऊन बघा. या घरात ते एकाच्या खिशात असतं."

रणजित हसला. त्याची तयारी होती.

"हो, माझंच पॉलिश. सिराजनं मागून नेलं होतं. मला काय ठाऊक कशाला?"

"कधी?"

"नमाज चालू असताना. साडेतीनला तो माझ्या खोलीत आला, चारच्या सुमाराला डबी परत दिली."

"नक्की साडेतीन? नीट आठवा."

"नक्की. फोनवर होतो, वेळ बघितली होती. नाही तर विचारा त्यालाच, कुठे होता तो."

सगळे सिराजकडे वळले. सिराजनं ओठ घट्ट मिटले. शेखचा हात फोनकडे गेला. बाहेर कुठूनतरी, धुळीतून, मगरिबच्या अजानआधीची खरखर ऐकू आली, लाऊडस्पीकर चालू केल्याची.

सरोजताईंनी मुलाकडे बघितलं. बाहेर पडायची वाट एकच होती आणि ती त्याच्यातून जात होती. त्यांना नातू अरू आठवला, विभा आठवली, सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट आठवला. आणि जैतापूरच्या खाडीवरनं निघून मुलीकडे येऊन बसलेली एक बाई, जिला त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"उन्मेष," त्या म्हणाल्या, "तू बोलतोस की मी बोलू?"

अजान सुरू झाली. पहिली ओळ संपेपर्यंत तो गप्पच होता.

"रणजित खोटं बोलतोय," मग तो म्हणाला. "सव्वातीन ते चार सिराज माझ्याबरोबर होता. मागच्या जिन्यात. हे लाकूड खोटं आहे, हे त्यानं मला आठ महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. मी त्याला गप्प बसवलं."

रणजितचा हात खिशातल्या डबीशी गेला आणि तिथेच राहिला. उद्या सकाळी त्याचं लंडनचं विमान होतं. दुकानदाराकडून नकाशाचे फोटो मागवेपर्यंत तो कुठल्या कुठे पोचला असता.

७

नमाज झाल्यावर शेखनी तीनच गोष्टी सांगितल्या. रणजितला फाटकाजवळच्या खोलीत बसवावं, पोलीस येताहेत. सिराजला उस्माननं विमानतळावर सोडावं, यल्ला, उशीर नको. तिसरी गोष्ट सांगताना त्यांनी उन्मेषकडे बघितलं नाही.

"तक्रारीत दोन नावं असतील. तू चोर नाहीस. पण आठ महिने तू माझ्या मुलीच्या समोर या खोलीत उभा राहिलास. निकाल लागेपर्यंत तू या देशातून हलणार नाहीस."

उन्मेषनं मान हलवली. सरोजताईंचा व्हिसा बारा दिवसांनी संपत होता. त्या जाणार, तो राहणार. हे त्यांनी स्वतःच्या हातानं केलं होतं. आणि तरी पुन्हा तसंच केलं असतं, हेही त्यांना कळत होतं.

सिराज बॅग घेऊन निघाला, आणि ग्रंथालयाच्या दाराशी अडला. एकविसावी फळी भिंतीला टेकून उभी होती. मागे काळा खड्डा. त्यानं बॅग खाली ठेवली, दोरी सोडली, हातोडी काढली.

"सिराजभाई, राहू दे," उन्मेष म्हणाला. "उद्यापासून हे सगळं उतरवायचंच आहे."

"उद्या उतरवा सायेब. आज उघडी कशाला ठेवू? धरा जरा."

उन्मेष गुडघ्यांवर बसला आणि त्यानं फळी धरली. सिराजनं कपड्याच्या टोकानं पॉलिश पुसून काढलं, फळी खाचेत सरकवली, अंगठ्यानं मध्य शोधला. वर एक खिळा मारला, खाली एक. उन्मेष काहीतरी बोलायला गेला. सिराजनं त्याच्या चुना लागलेल्या खांद्यावर हात ठेवला, उठायला आधार घ्यावा तसा, आणि उठला.

"येतो बाय," तो म्हणाला.

"घरी सुखरूप पोचा. शरीफाबायना सांगा, मोजणीवाल्या बाई भेटल्या होत्या."

गाडीचे दिवे फाटकाबाहेर गेले. आकाश स्वच्छ झालं होतं. सरोजताईंनी टेप काढला आणि फळीपाशी वाकून दोन्ही कडा मोजल्या. इकडे एक सूत, तिकडे एक सूत.